घर आवरायचं ते घरातलं माणूस असताना

जुन्या नाशकातून मला फोन येतो तो बहुतेक वेळा सगळं उरकल्यावर. आजी गेलेल्या असतात, तेरावा-चौदावा झालेला असतो, मुलगा पुण्याला आणि मुलगी न्यू जर्सीला परतायच्या घाईत असते. वाडा बिल्डरकडे गेलेला असतो आणि ताबा द्यायची तारीख तोंडावर आलेली असते. "ताई, तेवढं सामान बघून घ्या," एवढंच सांगतात. काय सामान आहे असं विचारलं की "असंच, जुनंपानं" असं उत्तर येतं. सांगणाऱ्याला खरंच माहीत नसतं, कारण ज्यांना माहीत होतं त्या आजीच गेलेल्या असतात.

माझा धंदा हाच. लोकांची जुनी घरं रिकामी करून द्यायची, त्यातलं विकण्यासारखं असेल ते त्याच घरात शनिवार-रविवार मांडून विकायचं, आणि उरलेलं योग्य जागी पोचवायचं. काही वस्तू मी स्वतः विकत घेते आणि मखमलाबाद रोडवरच्या माझ्या गाळ्यात ठेवून सावकाश विकते. घरातल्या विक्रीवर माझं कमिशन तीस टक्के. सामान उचलायला दोन पोरं आहेत, टेम्पोवाले मामा आहेत, आणि पॉलिशचं काम करणारे एक चाचा भद्रकालीत आहेत.

आणि आता मला सहावा महिना लागलाय. बाळ नोव्हेंबरात येईल.

तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, "आता हे सगळं बंद ना?" बंद नाही. पण काम बदललं आहे, आणि मला वाटतं ते चांगल्या अर्थाने बदललं आहे. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी काय काय सुटलं ते सांगते, कारण या क्षेत्रातल्या दुसऱ्या बायकांनी हे विचारलं आहे. वजन उचलणं सुटलं हे उघड आहे. तांब्याचा बंब नुसता रिकामा असला तरी दोघांनी धरायची वस्तू. पण डॉक्टरांना मी माझं काम सविस्तर सांगितलं तेव्हा त्यांना वजनापेक्षा धुळीची आणि वासांची काळजी जास्त वाटली. जुन्या दारा-कपाटांवरचा ऑइलपेंट खरवडणं एकदम बंद. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांच्या, वर नको हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती असेल ते बघून कळत नाही, आणि शिसं आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं. म्हणून खरवडण्याचं काम चालू असेल त्या दिवशी मी त्या घरात पाऊलच टाकत नाही. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये बनतं, त्यामुळे चाचांच्या कारखान्यातही जाणं नाही, फोटो मागवते. कल्हई लावताना नवसागराचा जो पांढरा धूर उठतो त्याच्यापासून लांब. उंदरांच्या लेंड्या पडलेला बंद माळा असेल तर पोरं मास्क-हातमोजे घालून, आधी फवारा मारून, ओलं करून पुसतात. कोरडा झाडू मारायचा नाही हे मी आता सगळ्यांनाच सक्तीचं केलंय, माझ्या पोटातल्या बाळासाठीच नव्हे तर त्या पोरांसाठीही.

आणि डांबरगोळ्या. जुन्या ट्रंका उघडल्या की जो वास येतो, तो किती तरी जणांना आजीच्या घराचा वास म्हणून आवडतो. मलाही आवडायचा. पण काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता जन्मतः असते, आणि डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे न धुता, न वाळवता घातले तर अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. बाळासाठी कोणी प्रेमाने ट्रंकेतलं जुनं झबलं काढून दिलं तर घ्या जरूर, पण आधी भरपूर ऊन आणि दोन-तीन धुणी देऊन मग घाला.

तर असं एक एक काम सुटत गेलं आणि मी माळ्यावरून खाली ओसरीवर आले. पोरं वर चढतात, वस्तू खाली आणतात, मी खुर्चीवर बसून वही लिहिते. आणि वही लिहायला बसलं की शेजारी कोणीतरी येऊन बसतंच.

गेल्या महिन्यात गोदाकाठाजवळचा एक वाडा झाला. तिथे मात्र फोन वेळेत आला होता. घरातल्या आत्या, वय नव्वदीच्या जवळ, अजून तिथेच राहत होत्या. दिवाळीनंतर त्यांना भाच्याकडे गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये जायचं होतं. भाच्याचं म्हणणं होतं की आत्यांना आधी तिकडे नेतो, मग तुम्ही वाडा रिकामा करा, म्हणजे त्यांना त्रास नको. मी त्यांना म्हटलं, उलट करू या. आत्या इथे असतानाच करू, त्यांच्या समोर करू. त्यांना कंटाळा येईल तेव्हा थांबू. भाचेबुवा आधी तयार नव्हते. आत्याच म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे रे. माझ्या मागे तुम्ही पातेलं आणि सतेलं एकाच पोत्यात घालाल."

नदीजवळच्या वाड्यांचं एक आहे, सगळं मौल्यवान सामान माळ्यावर असतं. कारण पूर. 2016 च्या ऑगस्टमधलं पाणी बऱ्याच जणांना आठवतं. आत्यांना 1969 चा पूर आठवतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलंय ते बघून यायला घरातल्या मुलांना पाठवायचे आणि मग तळघरातलं, माजघरातलं सामान वर चढवायला सुरुवात व्हायची. एकदा वर गेलेलं सामान परत खाली येत नाही. त्यामुळे ज्या माळ्यावर मला आता चढता येत नाही, तिथेच घराचा सगळा इतिहास पडलेला होता.

पोरं एक एक वस्तू खाली आणत होती आणि आत्या सांगत होत्या. मी आजवर किती घरं रिकामी केली असतील, पण अशी वही माझ्याकडे पहिल्यांदा तयार झाली. एरवी माझ्या वहीत "पितळी डबा, झाकणासह, मध्यम" असं लिहिलेलं असतं. इथे वस्तू कोणाची, कोणत्या प्रसंगी आली, शेवटी कोणी वापरली, असे रकाने वाढत गेले.

आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती हे एक फार मोठं देणं आहे. भांडी बाजारात भांडं घेतलं की तिथेच बसलेला माणूस छोट्या छिन्नीने ठोकून नाव घालून द्यायचा. एकेका टिंबाने जुळवलेली अक्षरं. वाड्यातल्या एका परातीवर आत्यांच्या वहिनींचं नाव, त्याखाली "बारशाप्रीत्यर्थ", मग सिन्नर आणि 1958. बोट फिरवलं की प्रत्येक टिंब लागतं, फक्त शेवटच्या आठावर ठोका जरा जोरात पडलेला, तिथे पाठीमागून फुगवटा आलाय. त्या परातीत आत्यांनी तेवढाच फुगवटा चाचपून ओळखलं की ही कुठली. त्यांना आता अक्षरं दिसत नाहीत.

गिऱ्हाईक मला विचारतात, "नाव घासून मिळेल का?" मिळत नाही. मी देत नाही. नाव घासलं की पितळेचा पत्रा तिथे पातळ होतो आणि उजळ डाग कायमचा राहतो, हे झालं व्यवहाराचं. पण मला नाव असलेलं भांडंच जास्त मोलाचं वाटतं, आणि मी किंमतही जास्तच लावते. घेणाऱ्याला मी सांगते, खाली जागा आहे, तुमचंही नाव घाला.

सगळ्यात जास्त भांडण मोडीच्या भावाशी आहे. भाचेबुवांनी आधीच कोणाला तरी बोलावून तांब्या-पितळेचा किलोचा भाव विचारून ठेवला होता. मोडीत घातलं की पैसे लगेच हातात येतात, कटकट नाही, हे खरं आहे. पण मोडीत फक्त वजन मोजतात. हाताने ठोकून केलेलं घंगाळ आणि यंत्रावर दाबून काढलेली बादली, दोन्हींचा भाव एकच. तांबट आळीत आता ठोक्यांचा आवाज फार थोड्या घरांतून येतो. ज्या हातांनी ती घंगाळं घडवली ते हात आता मिळणार नाहीत. म्हणून मी घरच्यांना एक साधी गोष्ट सांगते: भांडं उन्हात धरा आणि आतून बघा. ठोक्यांच्या ओळी एकाआड एक सरकत गेलेल्या दिसल्या, काठ हाताने वळवलेला दिसला, सांधा करवतीच्या दातांसारखा एकमेकांत गुंतवलेला दिसला, तर ते मोडीत घालू नका. तसलं घंगाळ गंगापूर धरणाच्या रस्त्यावरचे होमस्टेवाले किंवा मुंबईहून येणारे सेट लावणारे लोक वजनाच्या कितीतरी पट पैसे देऊन घेतात.

उलटंही होतं. देवघराच्या बाहेर लावलेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं उतरवताना घरच्यांचे डोळे मोठे होतात, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की रवि वर्म्याचं चित्र लाखात जातं. रवि वर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्रं घरोघरी पोचावीत म्हणूनच ती छापली जात होती, त्यामुळे ती बरीच सापडतात. शिवाय नंतरच्या नकला उदंड. भिंग घेऊन चेहऱ्याच्या सावलीवर धरा. दगडावरून छापलेल्या चित्रात रंगाचे कण वेडेवाकडे, कमी-जास्त दिसतात. अलीकडच्या ऑफसेटमध्ये ठिपके रांगेत असतात. आत्यांच्या घरातली सरस्वती खरी निघाली, तिच्या साडीला कोणीतरी टिकल्या आणि जर शिवलेली. आत्यांच्या आईने. ती विकायची नाही असं मी वहीत लिहिलं आणि भाच्याला सांगितलं की फ्लॅटमध्ये पहिला खिळा तिच्यासाठी ठोका.

आता त्या खोलीबद्दल. माजघराला लागून एक बुटक्या दाराची खोली होती. खिडकी नाही, वर एक झरोका. भिंतीच्या एका कोपऱ्यात शेगडीने काळा पडलेला पट्टा, दिव्याचा कोनाडा, आणि तुळईत पाळण्याची लोखंडी कडी. बाळंतिणीची खोली. नंतर तिथे गव्हाच्या कोठ्या ठेवल्या गेल्या, मग सिलिंडर, मग रद्दी. पोरांनी तिथलं सामान बाहेर काढून भंगाराच्या बाजूला ठेवलं होतं. त्यात एक सहाण होती आणि एक गोल पितळी डबा.

आत्यांनी डबा मांडीवर घेतला आणि आतलं एक एक बाहेर काढलं. हळकुंड, जायफळ, हिरडा, बेहडा, सुंठ, वेखंड, मुरडशेंग. प्रत्येक तुकडा एकाच बाजूने तिरका झिजलेला. मुरडशेंगेचं तर बोटाच्या पेराएवढंच उरलेलं. या एवढ्याशा तुकड्यांवर घरातल्या तीन पिढ्यांची बाळं झाली, म्हणाल्या. कशाचे किती वेढे द्यायचे, महिन्यागणिक किती वाढवायचे, ते सगळं त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं. मग माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "घेऊन जा तू. तुला लागेल."

मी त्यांना खरं सांगितलं, की डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही असं बजावलंय, मी गुटी देणार नाही. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "नको देऊस. आमच्या वेळी काही बाळं वाचली नाहीत, ती कशाने गेली ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. तुला सांगणारं कोणी आहे, तर ऐक त्याचं." त्यानंतर बराच वेळ त्या बोलल्या नाहीत आणि मीही काही विचारलं नाही. डब्याचा फोटो मी घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, सोबत आत्यांनी सांगितलेलं सगळं टाइप करून. पुण्याच्या नातीने तासाभरात कळवलं की डबा, सहाण आणि तो कागद, तिन्ही तिला हवंय. आदल्या दिवशी याच डब्याचा नुसता फोटो ग्रुपवर गेला होता तेव्हा कोणी उत्तरही दिलं नव्हतं.

म्हणून म्हणते, माणूस असताना आवरा. माणसाशिवाय त्या डब्याची किंमत मोडीइतकीच होती.

घरी माझ्या या कामाबद्दल सासूबाईंना काळजी आहे आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. पोटुशी बाईने मयताच्या घरी जाऊ नये, गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात आणू नयेत, असं त्यांच्या मनात घट्ट आहे. त्यांची पहिली मुलगी गेली, त्यामुळे त्यांना भीती वाटणं मला समजतं. आम्ही दोघींनी बसून ठरवलं: काही आणायचं ते गाळ्यात, घरी नाही. बाहेरून आलं की आधी अंघोळ, मग स्वयंपाकघर. मृत्यूनंतर महिना उलटल्याशिवाय त्या घरी जायचं नाही. गेलेल्या माणसाचे कपडे मी हाताळायचे नाहीत, ते घरच्यांनीच आवरायचे. यातलं शेवटचं मी बाळंतपणानंतरही पाळणार आहे. कपाटातल्या साड्या लेकी-सुनांनीच उलगडाव्यात. फक्त एक लक्ष ठेवते. साड्यांवरची जुनी जरतार विकत घेणारे दारावर येतात, ते शालू-पैठणी घेऊन जाळतात आणि त्यातली चांदी काढतात. येवल्याच्या जुन्या पैठणीचा पदर असा जळायला द्यायचा हे मला सोसवत नाही. साडी विरली असली तरी काठ-पदर उतरवून ठेवता येतो, नव्या कापडावर लावता येतो.

आणि त्याच सासूबाई बाळासाठी जुनं लुगडं शोधतायत. बारशापर्यंत बाळाला नवं कोरं घालायचं नाही, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुतीच घालायचं, ही आपली रीतच आहे. आत्यांनी त्यांचं एक निळसर नऊवारी मला दिलं, त्याची दुपटी आणि एक गोधडी होईल. सासूबाईंनी ते हातात घेऊन गालाला लावलं, दोनदा उकळत्या पाण्यातून काढलं आणि सध्या गच्चीवर वाळत घातलंय. आत्या हयात आहेत, आशीर्वाद देऊन दिलंय, तेव्हा सासूबाईंची हरकत नाही.

पाळणा मात्र जुना घेणार नाही. वाड्यात एक फार सुंदर होता, कातीव दांड्यांचा, राघू-मैनेची चित्रं असलेला. पण त्यावर हिरव्या-लाल ऑइलपेंटचे थरावर थर होते, आणि दांड्यांमधून माझी मूठ सहज आत जात होती. दोन दांड्यांत साधारण 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर बाळाचं अंग सरकून डोकं अडकू शकतं. तो पाळणा घेणाऱ्या जोडप्यालाही मी हे स्पष्ट सांगितलं, त्यांनी तो कुंड्या ठेवायला नेलाय. वस्तू कितीही देखणी असली तरी ती कशासाठी वापरली जाणार हे विचारल्याशिवाय विकायची नाही. हेच तांब्याच्या भांड्यांचं. कल्हई गेलेल्या पातेल्यात चिंचेची आमटी करणार असाल तर मी आधी कल्हईवाल्याचा नंबर देते, मग पातेलं.

काही गोष्टी मी विकतच नाही. देवघरातले टाक कोणाचेही असोत, ते घराण्याचे असतात, मी घरच्यांनाच एक वारस शोधायला लावते. सांबरशिंग, वाघनख, कातडं, हस्तिदंत निघालं तर हात लावत नाही, वन्यजीव कायद्याखाली त्याचा व्यापार गुन्हा आहे, आणि घरच्यांनी वन विभागाशी बोलावं असं सांगते. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, कोरीवकाम असलं काही असेल तर 1972 चा पुरावशेष कायदा लागतो, त्याचा धंदा करायला परवाना लागतो, आणि तो माझ्याकडे नाही. महत्त्वाच्या हस्तलिखितांना तर पंच्याहत्तर वर्षांचीच मर्यादा आहे. मोडी लिपीतले कागद निघाले की मी पोतं बांधू देत नाही. जुनी पुस्तकं असतील तर आधी सार्वजनिक वाचनालयात विचारा म्हणते. 1840 पासूनची संस्था आहे, आपल्याच गावातली.

राहिला पैशाचा प्रश्न. कायद्याने 2017 पासून 26 आठवड्यांची भरपगारी मातृत्व रजा आहे, पण ती नोकरदार बायकांना. माझ्यासारखीला रजा हवी असेल तर तिचे पैसे आधी स्वतः बाजूला ठेवावे लागतात. मी वर्षाच्या सुरुवातीपासून प्रत्येक विक्रीतला एक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकतेय, त्यातून पोरांचा पगार आणि गाळ्याचं भाडं फेब्रुवारीपर्यंत निघेल. नवऱ्याचा पगार घरखर्चाला आहे, पण धंद्याने स्वतःचं स्वतः बघावं हे मी पहिल्यापासून पाळलंय. मोठी खरेदी थांबवली आहे. गाळ्यात जे आहे त्यातून दिवाळीला समया, पानाचे डबे, चौरंग जातील, तेवढ्याने पुरे. थोरला पोरगा आता गिऱ्हाइकाशी नीट बोलतो, यूपीआयचा हिशेब ठेवतो. किंमत लावताना अजून बिचकतो, म्हणून प्रत्येक वस्तूला मी आत्ताच चिठ्ठी लावून ठेवतेय: किंमत, किती खाली यायचं, आणि मागच्या बाजूला दोन ओळी वस्तूबद्दल. हिशेबाच्या वह्या सीएंकडे देऊन झाल्या. विकत घेतलेल्या वापरलेल्या वस्तूंवर जीएसटी खरेदी-विक्रीतल्या फरकावर भरता येतो, पण त्यासाठी प्रत्येक वस्तूची खरेदी लिहिलेली लागते. ज्यांनी अशी कामं नव्याने सुरू केली आहेत त्यांनी पहिल्या दिवसापासून लिहावं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण आहे, तोवर आणखी एक घर घेतलंय, देवळाली कॅम्पातलं, तळमजल्याचं, माळा नसलेलं. तिथले काका-काकू दोघंही आहेत आणि दोघंही बसून सांगणार आहेत. त्यानंतर मी माहेरी, निफाडला. फेब्रुवारीपर्यंत नवीन घर घेणार नाही, कृपया आग्रह करू नका.

पण ज्यांच्या घरी आवराआवर पुढच्या वर्षी आहे त्यांनी माझी वाट बघत बसू नका. आत्या, आजी, काका जे कोणी आहेत त्यांच्याजवळ रोज संध्याकाळी एक डबा, एक ट्रंक, एक फडताळ उघडा. फोनवर रेकॉर्ड करा किंवा शाळेच्या वहीत लिहा. कोणाचं, कधीचं, कुठून आलं, कोणाला द्यायचं. भांड्यावर नाव असेल तर वाचून दाखवा. मोडवाल्याला एवढ्यात बोलावू नका. मार्चमध्ये मी येईन तेव्हा ती वही मला आधी लागेल.